उसाची एक कांडी आणि तीन तंत्रं

प्रश्न : मी कोल्हापूरची, चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रॉइंगच्या जर्नलसाठी पारंपरिक आणि प्रायोगिक अशी दोन्ही तंत्रं हाताळायची आहेत. आतापर्यंत स्ट्रॉने शाई फुंकली, शाईत दोरा बुडवून ओढला, स्पंज, कॉफी, मेणबत्ती सगळं करून झालं. चारकोल आणि वारलीही केली. 22 शीट्स झाल्या. सर म्हणाले, "हे नमुने झाले. यात ड्रॉइंग कुठाय?" शिवाय सिल्व्हरपॉइंटसाठी, म्हणजे चांदीच्या टोकाने रेघ काढायच्या तंत्रासाठी, चांदीची तार आणली, तर ती कागदावर उमटतच नाही. हातकागदावर शाई फुटते. चारकोल फवारा मारून कितीही फिक्स केला तरी हाताला लागतो. सबमिशनला दोन महिने आहेत आणि पैसे बेताचेच. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. 22 शीट्समध्ये दर वेळी साहित्य नवं, कागद नवा आणि विषयही नवा. मग एखादी शीट जमली तर का जमली आणि फसली तर कशामुळे फसली, हे कळायला वावच राहत नाही. तुझ्या तीन तक्रारींवरूनही तेच दिसतं. तार उमटत नाही, शाई फुटते, चारकोल सुटतो, आणि तिन्हींचं मूळ कागदाच्या पृष्ठभागात आहे. तू हत्यारं बदलत गेलीस, कागदाकडे लक्ष गेलं नाही.

तेव्हा या दोन महिन्यांत एकच विषय घे, तंत्रं तीनच घे आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. विषय कोल्हापुरात शोधायला लागत नाही. उसाची एक डोळ्याची कांडी आण, लागणीला वापरतात तशी. हातात धरून नीट बघ. सांध्यावर फुगीर डोळा, त्याच्या शेजारून गोल फिरणारी मुळांच्या ठिपक्यांची पट्टी, सांध्याच्या खाली मेणचट पांढरा थर, मधल्या भागावर सालीच्या बारीक उभ्या चिरा, आणि कापलेल्या तोंडाला निघालेले तंतू. एवढ्याशा वस्तूत गुळगुळीत, खरखरीत, ठिपक्यांचं, पिंजलेलं असं सगळं आहे. शिवाय आठवडाभरात ती सुकते आणि रंग बदलते, म्हणजे विषय एकच असूनही शिळा होत नाही.

आता चांदीची तार. पेन्सिलीतलं ग्राफाइट मऊ असतं, साध्या कागदाच्या तंतूंवरही ते घासलं जातं. चांदीचे कण सुटायला मात्र तिच्याहून कठीण कणांचा थर लागतो. कठीणपणाच्या मोस मापावर चांदी अडीचच्या आसपास आहे, खडू 3, झिंक ऑक्साइड साडेचारच्या आसपास आणि टायटॅनियम व्हाइट त्याच्याही वर. म्हणून कोऱ्या कार्ट्रिजवर, म्हणजे ड्रॉइंगच्या साध्या कागदावर, रेघ येत नाही, आणि खडूचा भरणा जास्त असलेल्या स्वस्त पोस्टर कलरवर आली तरी भुरकट येते. युरोपात पूर्वी हाडं जाळून त्यांची राख कागदावर लावत, त्याचंही कारण हेच. जर्मन चित्रकार ड्यूररने 1484 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात बघून केलेलं स्वतःचं चित्र सिल्व्हरपॉइंटमध्येच आहे. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ते आजही स्पष्ट दिसतं.

हा थर, म्हणजे अस्तर, असं कर. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, गुळगुळीत कागद बोर्डवर चारही बाजूंनी कागदी टेपने चिकटव. ए-फोर आकाराला दोन चमचे पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग), अर्धा चमचा झिंक ऑक्साइडची पूड आणि ताकाइतपत पातळ होईल एवढं पाणी घे. पूड आधी थोड्या पाण्यात बोटाने चोळून घे, नाहीतर गुठळ्या राहतात आणि तार त्यांत अडखळते. दोन इंची मऊ चपट्या ब्रशने पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा, मग तिसरा पुन्हा आडवा. ओल्यावर ओलं लावलंस तर खालचा थर उचलला जातो. वाळल्यावर बोट फिरवून बघ. बोटाला पांढरं लागलं तर डिंक कमी आहे, तेव्हा पुढच्या मिश्रणात डिंकाच्या पाण्याचे चार-पाच थेंब टाक. पृष्ठभाग चकाकतोय आणि तार घसरतेय, तर डिंक जास्त झालाय. 600 नंबरचा सँडपेपर हलक्या हाताने फिरवला की तोही वापरता येतो. बाहेरच्या भिंतींना लावतात तो अ‍ॅक्रिलिक प्रायमर यासाठी घेऊ नकोस, त्याच्या प्लॅस्टिकसारख्या पापुद्र्यावर चांदी नीट धरत नाही.

तार कोणती आणलीस ते पत्रात नाही. चांदीकामाचं हुपरी तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि गुजरीत, सराफ बाजारातही मिळेल. 2 मिलिमीटर जाडीची, 4 सेंटिमीटर लांबीची शुद्ध चांदीची तार माग. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे खिशाला फार चाट नाही. मुलामा दिलेली तार नको. ही जाडी क्लच पेन्सिलीत अचूक बसते. टोक सोनाराकडूनच कानशीने निमुळतं करून घे आणि 400, मग 1000 नंबरच्या पेपरवर फिरवून गोलसर कर. टोकदार तार अस्तर खरवडते, रेघ पांढरीच राहते, आणि आपल्याला वाटतं उमटलीच नाही. तुझ्या बाबतीत हेही झालं असण्याची शक्यता आहे.

दाबून रेघ गडद होत नाही, हे आधीच मान्य करून बस. गडदपणा फक्त रेघांवर रेघा घालून येतो, आणि तोही एका मर्यादेपर्यंतच. खोडरबर चालत नाही. म्हणून कांडीचा मेणचट पांढरा पट्टा या तंत्रात अप्रतिम निघतो, कापलेलं काळपट तोंड मात्र निघत नाही. ताजी रेघ करडी असते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काही महिन्यांत तपकिरी होत जाते. त्याच अस्तरावर विजेच्या वायरमधली तांब्याची तार सोलून ओढून बघ. तिची रेघ वेगळ्या छटेकडे झुकते. एकच शीट, अर्धी चांदीने आणि अर्धी तांब्याने. माझ्या मते फुंकलेल्या शाईच्या दहा शीट्सपेक्षा या एका शीटमध्ये जास्त प्रयोग आहे.

दुसरं तंत्र शाईचं, आणि इथे मला जरा जास्त रेंगाळायचंय.

आधी कागद. हातकागद, मग तो पुण्याच्या हातकागद संस्थेचा असो की आणखी कुठला, चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि त्याला खळ कमी असेल तर तो शाई पिऊन टाकतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाक. अर्ध्या मिनिटात मुरला तर खळ लावावी लागेल. 500 मिली थंड पाण्यात 10 ग्रॅम साधं जिलेटिन पंधरा मिनिटं फुगू दे. मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळव, उकळू नकोस, उकळल्यावर त्याची पकड जाते. कोमट असतानाच दोन्ही बाजूंना रुंद ब्रशने लाव आणि दोरीवर टाकून वाळव. पावसाळ्यात खळ लावलेला कागद एकावर एक रचून ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून लागेल तेवढाच तयार कर.

शाई घरी कर. काष्ठौषधीच्या दुकानातून बिया काढलेल्या हिरड्याची पूड 30 ग्रॅम आण. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी सेवा केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून मिळतं. ते हिरवट खड्यांचं बघून घे, पिवळट-तपकिरी पूड झालेलं हवेने बिघडलेलं असतं. पूड 300 मिली पाण्यात रात्रभर भिजव. सकाळी स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटव आणि पातळ कापडातून दोनदा गाळ. लोखंडी भांडं घेतलंस तर काढा गाळायच्या आधीच काळा होईल. 10 ग्रॅम हिराकस थोड्या कोमट पाण्यात विरघळवून त्यात ओत, ओतताक्षणी ते निळसर काळं होतं. 8 ग्रॅम बाभळीचा डिंक वेगळा भिजवून, गाळून मिसळ. चार-पाच लवंगा टाक, बुरशी लवकर येत नाही. दोन दिवस ठेव, मग वापर. हे भांडं आणि चमचे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाहीत, आणि घरात लहान मूल असेल तर हिराकस कुलपात ठेव.

ही शाई बोरूतून उतरताना फिकट दिसते. हवा लागली की आधी करडी होते आणि दुसऱ्या दिवशी काळी. म्हणून काढतानाच काळी दिसावी असा हट्ट धरून हिराकस वाढवू नकोस. लोहाचं प्रमाण जास्त झालं की रेघेभोवती तपकिरी डाग पसरतो आणि काही वर्षांनी कागद तिथेच चिरतो. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत अशी अक्षरांच्या आकाराची भोकं पडलेली आहेत. शाई पसरत असेल तर डिंक थोडा वाढव, बोरूतून उतरत नसेल तर पाणी.

बोरू बांबूचा किंवा वेताचा चालेल. सुलेखनासाठी करतात तसा रुंद तिरका काप नको, टोक एक-दीड मिलिमीटरच ठेव आणि मधोमध सेंटिमीटरभर उभी चीर दे. चीर नसेल तर पहिला इंच ठिपक्यासारखा ओघळतो आणि पुढे कोरडं पडतं. दौतीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर बोरू टेकवला की शाई मापात येते. सालीच्या उभ्या चिरा आणि तोंडाचे तंतू बोरूने काढ. शाई संपत आलेल्या बोरूची खरखरीत रेघ त्यांना फार शोभते, ती चूक समजून पुन्हा भरू नकोस.

आता इथून पुढे जे सांगतो ते मूळ परंपरेतच आहे. आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमकारी बघ. तिथे सुती कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवून वाळवतात. चिंचेच्या काटक्यांच्या कोळशाने आखणी करतात, आणि गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी कलमाने ओढतात. रेघ कापडावर पडते आणि तिथेच काळी होते. म्हणजे अर्धी शाई कापडात असते आणि अर्धी कलमात. तू हेच कागदावर कर. 20 ग्रॅम हिरडा 200 मिली पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळ आणि खळ दिलेल्या कागदावर दोन हात देऊन सावलीत वाळव. कागद खाकी-पिवळसर होईल. जिलेटिनचं पाणी आणि हिरड्याचा काढा एकाच वाटीत मात्र मिसळू नकोस, लगेच गुठळ्या होतात. मग 100 मिली पाण्यात 2 ग्रॅम हिराकस, हे करड्या रेघेसाठी, आणि दुसऱ्या वाटीत तेवढ्याच पाण्यात 5 ग्रॅम, काळ्यासाठी. पाणी जवळजवळ बिनरंगी दिसतं आणि कागदाला लागताच उमटतं. हे पाणी रोज ताजं कर. शिळ्यात तळाला नारिंगी गाळ बसतो आणि रेघ मळकट येते.

हे हाताशी आलं की दारं उघडतात. कागदी लिंबाच्या रसात बोरू बुडवून त्या काळ्या रेघेवर फिरवलास तर सायट्रिक आम्ल लोह ओढून घेतं आणि रेघ फिकट होत जाते. म्हणजे काळ्या भागातून उजेड काढता येतो. आधी लिंबाची रेघ ओढून, वाळवून, वरून हिराकसाचा हात दिला तर तेवढी जागा काळी धरत नाही किंवा फिकी धरते. मुळांच्या ठिपक्यांची पट्टी अशी काढून बघ, काळ्यात राखलेले ठिपके. अर्ध्या कागदाला हिरड्यात चौथा भाग दूध घालून हात दे, मिश्रण फुटलं तर गाळून घे, आणि दोन्हीकडे तीच रेघ ओढ. दुधामुळे फुटणं किती आवरतं ते शेजारी शेजारी दिसेल. ऊस कापायच्या कोयत्याचं गंजकं पातं ओल्या हिरडा-कागदावर तासभर दाबून ठेवलं तर त्याचाही काळा ठसा येतो. लिंबू लावलेली शीट शेवटी स्वच्छ पाण्यातून काढ, आम्ल कागदात राहू देऊ नकोस.

तिसरं तंत्र ट्रेस मोनोटाइप, म्हणजे शाई लावलेल्या काचेवर कागद ठेवून पाठीमागून रेघ उमटवणं. चित्रकार पॉल क्लीने 1919 नंतर ते आपलंसं केलं आणि कितीतरी चित्रांचा पाया त्यावर घातला. छापखान्यातून तेलाची काळी शाई थोडीशी माग. ए-फोर काचेवर अर्धा चमचा शाई रोलरने पसरव. रोलरचा चरचर असा बारीक आवाज येईपर्यंत पातळ कर, मग त्यावर वर्तमानपत्राचा कागद एकदा टेकवून उचल, जास्तीची शाई निघते. आता 60 ते 80 जीएसएमचा पातळ कागद अलगद ठेव आणि पाठीवर पेन्सिलीने काढ. उचलल्यावर उलट बाजूला मऊ, किंचित दाणेदार, आरशातली रेघ मिळते. सगळं काळं आलं तर शाई जाड होती. रेघेभोवती पिवळसर तेलकट वलय आलं तर शाईत तेल जास्त आहे. ती आधी तासभर टिपकागदावर ठेव. हात टेकवलास की तिथेही शाई उठते, म्हणून दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवून त्यांवर पट्टी आडवी टाक आणि मनगट तिच्यावर ठेव. पुढे मग जिथे छाया हवी तिथे मुद्दाम बोटाने दाब. चोखून टाकलेल्या चिपाडाला हे तंत्र दे. वाळायला दोन-चार दिवस लागतात, पावसात जास्त.

चारकोलबद्दल थोडक्यात. गुळगुळीत कागदावर कोळशाच्या कणांना अडकायला जागा नसते, मग फिक्सेटिव्ह कितीही मार. दाणेदार कागद घे आणि फिक्स शेवटी एकदाच न करता प्रत्येक थरानंतर हलकेच कर. फ्रेंच पॉलिशला वापरतात ती चपडा लाख 5 ग्रॅम, पॉलिशच्या 250 मिली स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळव, गाळ, आणि दीड फुटावरून बारीक फवारा मार. कागद ओला दिसला म्हणजे जास्त झालं, कोळसा तरंगतो आणि मधले करडे टोन बुडतात. दमट दिवशी मारू नकोस, पांढुरकी झाक येते. गॅस, देवाजवळचा दिवा यांपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. हेअर स्प्रे नकोच, तो पिवळा पडतो.

वारलीचं विचारलं नाहीस, पण यादीत आहे म्हणून सांगतो. त्रिकोणी माणसं आणि तारपा नाच उतरवणं म्हणजे वारली तंत्र शिकणं नव्हे. ती आकृती त्या समाजाची आहे. ती लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायच्या चौकात सुवासिनींनी राखली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताने कागदावर आणली, त्यासाठी 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुला त्यातून घेण्यासारखं आहे ते साहित्य आणि उलटा विचार. गेरूने सारवलेल्या गडद पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, म्हणजे इथे रेघ उजेडाची असते. दोन चमचे वस्त्रगाळ पीठ, एक चमचा डिंकाचं पाणी आणि लागेल तसं पाणी घे, टोक चावून पिंजलेली बांबूची काडी घे आणि तुझी कांडीच काढ. ओली असताना रेघ जेमतेम दिसते, वाळल्यावर पांढरी होते. दिसत नाही म्हणून थर चढवत गेलीस तर वाळताना तडे जातात. हे एक-दोन शीट्सपुरतं ठेव.

हत्याराच्या बाबतीत भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी यांची रेखाचित्रं जरूर बघ. 1972 पासून त्या बडोद्याला शिकवत होत्या, 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. वास्तुविशारदाच्या टेबलावरची आखणीची साधनं घेऊन त्या वर्षानुवर्षं सरळ रेघेच्याच मागे राहिल्या. प्रयोग म्हणजे दर आठवड्याला नवं काहीतरी, या समजुतीला त्यांच्या कामाइतकं सडेतोड उत्तर मला दुसरं माहीत नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. पहिला आठवडा फक्त अस्तरं, खळ आणि शाई. त्यात चित्र काढायचं नाही, पट्ट्यांवर रेघा ओढून बघायच्या. मग तीन आठवडे चांदी, कारण तिला सवय लागायला वेळ लागतो, आणि दोन-तीन आठवडे हिरडा. मोनोटाइपला एक आठवडा पुरे. प्रत्येक शीटच्या मागे पेन्सिलीने तारीख, कागदाचं जीएसएम, मिश्रणाचं माप, हवा कोरडी होती की दमट, आणि मागच्या शीटपेक्षा नेमकं काय बदललं ते लिही. फसलेल्या शीट्सही लाव, शेजारी कारण लिहून. जुन्या 22 मधली मेणबत्तीची शीट टाकू नकोस. कांडीचा मेणाचा पट्टा मेणानेच राखून वर हिरड्याची शाई फिरवणं हे तिचं पुढचं पाऊल होऊ शकतं.

जर्नल बांधताना हिराकसाच्या शीट्स चांदीच्या शीट्सना लागून ठेवू नकोस. त्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. मध्ये बटर पेपर नव्हे, जाड कार्ट्रिजचं कोरं पान घाल. चारकोल आणि मोनोटाइपवर बटर पेपर चालेल, फक्त तो वरच्या कडेलाच चिकटव. चारही बाजूंनी चिकटवलास तर पान उलटताना तो घासतो आणि रेघ पुसते.